मेंदूच्या नावानं सव्वाशेची वजावट

त्या वर्षी आबांनी माझी फी दुप्पट केली, आणि हा माणूस मला विकत घेतोय हे मी जागच्या जागी ओळखलं.

आबा माझे अशील. जतकडचे, मेंढपाळांच्या घरातले. लहानपणी कळपामागं अनवाणी फिरलेले. पुढं त्यांनी मेंढरं राखणं सोडून मेंढरं घ्यायचा-विकायचा धंदा धरला, आणि नव्वदचं दशक संपायला आलं तेव्हा त्यांचे ट्रक मेंढरं भरून मुंबईला जात होते. सांगलीत ट्रक उभे राहतात तिथं त्यांची एका खोलीची कचेरी होती. मी त्याच शहरात लोकांची आयकराची कामं करायचो. कोर्टाची पायरी मी जन्मात चढलो नव्हतो, तरी सगळे मला वकील म्हणत, आणि मीही कुणाची चूक कधी दुरुस्त केली नाही.

मेंढरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात, आणि आत बोटांची बोलणी चालतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. तो शेकड्यात की हजारात, हे दोघांना आधीच ठाऊक असतं. एकदा दाबलं की तेवढेच, परत दाबलं की तेवढेच आणखी वर. भोवती गर्दी जमलेली असली तरी आकडा त्या दोघांपलीकडं जात नाही. आबा माझी फीसुद्धा असंच ठरवत. मला गुदगुल्या फार होतात. पहिल्या वर्षी त्यांनी माझी बोटं धरली आणि मी फिस्सकन हसलो. आबांनी तो होकार धरला. ते वर्ष मी जवळजवळ फुकट राबलो.

तर त्या वर्षी टॉवेलाखाली आबांनी माझी बोटं धरली, दाबली, आणि मग परत दाबली. दुसरं दाबणं जरा थरथरतं, घाईघाईचं होतं. मी म्हटलं, आबा घाबरलेत.

"आबा, एवढी?" मी टॉवेल बाजूला करून विचारलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं बघितलं, मग खिशातून तंबाखूची पिशवी काढून तंबाखू मळायला घेतली. अलीकडं ते सारखीच तंबाखू मळत असायचे. "असू द्या," ते म्हणाले. "झाला सौदा."

आणि लगेच पुढं, "वकीलसाब, म्या औंदा देनगी दिलीया."

"देवळाला?"

"न्हाई. मेंदूला."

"कुणाच्या?"

"आवं तसं न्हवं. मेंदूचं आजार, मानसाला याड लागतंय त्ये, ह्ये समदं कशानं हुतंय ते हुडकायला पुन्याची येक संस्था हाय. सरकारमान्य. शंभर दिलं की सव्वाशे वजा हुत्यात म्हनं. टॅक्स वाचवायचा, दुसरं काय?"

शेवटचं वाक्य ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेर ट्रकखाली आडव्या झालेल्या ड्रायव्हरनं मान वर काढली.

अशी सोय आहे हे मला माहीत नव्हतं. 'माहीत आहे की' असा चेहरा करून मी घरी गेलो आणि पुस्तक उघडलं. होती. नुकतीच आली होती. मान्यताप्राप्त संस्थेला शास्त्रीय संशोधनासाठी धंदेवाल्यानं शंभर रुपये दिले, तर उत्पन्नातून सव्वाशे वजा करता येत होते. याचा अर्थ सरकार पंचवीस रुपये वर देतं असा नाही. सव्वाशेवरचा कर तेवढा वाचतो. हिशेब केला तर देणाऱ्याच्या खिशातून साठाच्या आसपास जातातच. म्हणजे ज्याला खरोखर द्यायचंय त्यालाच ही सोय परवडते. आणि खरोखर देणारा माणूस मी माझ्या धंद्यात पाहिलेला नव्हता.

पाहिले होते ते दुसरे. थोड्याच दिवसांपूर्वी एक सफारीवाला गृहस्थ माझ्याकडं येऊन गेला होता. कुठल्याशा संस्थेचा एजंट. शंभराचा चेक द्या, पावती घ्या, थोडं कमिशन कापून बाकीचे रोख परत घेऊन जा, असा त्याचा धंदा. मी त्याला हाकलला. त्यात बाणेदारपणा कमी आणि भीती जास्त होती. आता आबांची पावती माझ्यासमोर होती, फी दुप्पट झाली होती, आणि ज्या माणसानं यात्रेच्या वर्गणीवरसुद्धा घासाघीस केली तो एकदम मेंदूवर उदार झाला होता. मी सगळं जुळवलं. उद्या आयकराचे साहेब विचारतील, पावती खोटी निघेल, आणि सही माझी असेल.

पावतीवर संस्थेच्या साताऱ्यातल्या शाखेचा शिक्का होता. मी ठरवलं, स्वतः जाऊन छडा लावायचा.

बायकोला सांगितलं, कोल्हापूरला जातो. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, पण गुप्त कामाला निघालेला माणूस खरं कसं बोलेल? आता सांगलीहून साताऱ्याला जाणारी एसटी उंब्रजला थांबते, आणि उंब्रज ही माझी सासुरवाडी, एवढं तरी मी लक्षात ठेवायला हवं होतं. गाडी थांबली, आणि मेहुणा चढून थेट माझ्या शेजारी बसला.

"दाजी! काल फोनवर ताई तर म्हणाली, तुम्ही कोल्हापूरला निघालाय."

"कोल्हापूरलाच," मी म्हणालो.

"ही साताऱ्याची गाडी हाय."

"व्हाया सातारा," मी म्हणालो.

मेहुण्यानं माझ्या हातातलं साताऱ्याचं तिकीट वाचलं. मात्र साताऱ्यात उतरल्यावर तो माझ्यामागं काही अंतर राखून चालत होता हे मला फार उशिरा कळलं. मी दुसऱ्यावर पाळत ठेवायला निघालो होतो, त्यामुळं मागं बघायचं सुचलंच नाही. त्यानं मला पोवई नाक्याच्या पुढं एका फाटकातून आत जाताना पाहिलं, फाटकावरची 'मेंदूविकार व मानसिक आजार तपासणी' ही पाटी वाचली, आणि तो मुकाट्यानं माघारी फिरला. त्यानंतर कितीतरी महिने सासूबाई माझ्यासाठी बदाम पाठवत होत्या आणि सासरची माणसं माझ्याशी अगदी हळू आवाजात बोलत होती. बाहेर ताट पडलं तरी सासरे दचकून आधी माझ्याकडं बघायचे.

आत चार खोल्या होत्या. भिंतीला धरून बाकं. बसलेल्या लोकांपैकी कुणीही शेजारच्याला 'काय होतंय?' असं विचारत नव्हतं. आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्यात हा पहिला प्रश्न असतो. इथं एक बाई डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसली होती. एक तरुण मुलगा भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि त्याचे वडील 'आम्ही सोबत नाही' अशा बेतानं दोन माणसं सोडून बसले होते. मला वाटलं, सगळे खोटे पेशंट आहेत, भाड्यानं आणून बसवलेत, म्हणून एकमेकांशी बोलत नाहीत.

मीही खोटा पेशंट व्हायचं ठरवलं. आयत्या वेळी सुचला तो आजार म्हणजे हात थरथरणं. ते सोपं वाटलं. नंबर आला, तशी मी उजवा हात हलवत आत गेलो.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी मला हात मांडीवर सैल सोडायला सांगितलं. हात हलत होता. खरं सांगायचं तर बरा हलत होता.

"आता शंभरातून सात वजा करा. मोठ्यानं. आलेल्या उत्तरातून परत सात. करत जा."

वजाबाकी म्हणजे माझ्या रोजच्या भाकरीचा प्रश्न. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... मी रंगात आलो. पार खाली दोनापर्यंत उतरलो आणि शाबासकीसाठी वर बघितलं. डॉक्टरीणबाई माझ्या हाताकडं बघत होत्या. हात मांडीवर झोपल्यासारखा पडला होता.

"कंपवाताच्या पेशंटला असा हिशेब घातला की हात जास्त हलतो," त्या म्हणाल्या. "तुमचा थांबला. कुठल्या खात्याचे तुम्ही?"

"म्हणजे?"

"पावती हवीय आणि पैसे रोख परत हवेत, असं म्हणणारा एकजण येऊन गेला मागं. सफारीत होता. तुम्ही त्याचे कोण?"

मी गडबडलो. म्हणालो, मी त्याचा कुणी नाही, मी उलट त्याच्या विरुद्ध आहे, मी कर सल्लागार आहे, माझ्या अशिलानं तुम्हाला देणगी दिलीय ती खरी की खोटी हे बघायला आलोय.

"मग तसं विचारायचं. हात कशाला हलवला?"

मी हात खिशात घातला.

त्या उठल्या आणि मला पलीकडच्या खोलीच्या दारात नेऊन उभं केलं. "बघा. देणगीचं इथं काय होतं ते बघून घ्या, आणि चला."

आत जमिनीवर खडूच्या रेषा मारल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ त्यावरून चालत होते आणि एक मुलगी त्यांची पावलं मोजून लिहीत होती. टेबलाशी काही पेशंट कागदावर गोल गोल चकल्या काढत होते. कुणाची चकली गुळगुळीत, कुणाची करवतीसारखी. सहा महिन्यांपूर्वीची चकली शेजारी ठेवलेली. कुठल्या गोळीनं कुणाची चकली किती सुधारली, ते पुण्याला कळवलं जायचं. मला वाटलं होतं काचेच्या नळ्या, यंत्रं, पांढरे उंदीर असतील. नाही तर रिकामी खोली आणि कुलूप असेल. खडू आणि चकल्या असतील असं काही वाटलं नव्हतं.

टेबलाच्या टोकाला विजार-शर्टातला एक माणूस मान खाली घालून चकली काढत होता. डोक्याला पांढरी टोपी. त्यानं वर बघितलं. नेहमीचा पटका नव्हता, धोतर नव्हतं, म्हणून मला ओळखायला वेळ लागला.

आबा.

आणि माझा शहाणा हात, डॉक्टरीणबाईंसमोर गाढ झोपलेला, नेमका त्या क्षणी घाबरून थरथरायला लागला.

आबांनी आधी माझा चेहरा बघितला, मग हात. आणि त्यांच्या तोंडावर असं काही उमटलं, जे मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. आनंदच म्हणायचा तो.

"तुमाला बी?" ते हळूच म्हणाले. "वकील, तुमाला बी हाय?"

मी मान हलवली. 'हो' म्हणून. का, ते मला विचारू नका. एवढ्या आशेनं विचारणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

"यांना काहीही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई मागून खणखणीत आवाजात म्हणाल्या. "हात ठणठणीत आहे. हे तुमच्यामागं आलेत, आबा."

साताऱ्याहून परत येताना आबांनी मला त्यांच्या जीपमध्ये घेतलं. दया म्हणून नाही. मला बाहेर मोकळा सोडायची त्यांना भीती वाटत होती. जीप त्यांचा पुतण्या चालवत होता, त्याला त्यांनी कराडात चहाला पिटाळलं, आणि मग मागं वळले.

"पाळत ठिवली माज्यावर?"

"मला वाटलं, पावती खोटी असंल."

"आन् मला वाटलं, ह्या दुखन्यात तुमी माजं पाव्हनं." त्यांचा उजवा हात मांडीवर होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होती, तंबाखू मळल्यासारखी. हातात तंबाखू नव्हती. तेव्हा मला सारखी तंबाखू मळण्याचा उलगडा झाला. "तुमच्या फीला म्या येकदाच दाबलं हुतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मग वरचे परत देतो."

"सौदा झालाय. म्या बाजारात बोटं फिरवत न्हाई. हितंच तर गोम हाय, वकील. गेलं वरीसभर असंच चाललंय. म्या येकदा दाबतो, हात दुसऱ्यांदा दाबतोय. पुढचा म्हनतोय, झाला सौदा. मग द्यायचं गपचिप. कळलं की हात माजा न्हाई ऱ्हायला, तर टॉवेलात हात कोन दील? ज्येचा सौदा आवडला न्हाई त्यो म्हनंल, आबाचा हात हालला, मोडा सौदा. बाजार उठला माजा मग. लोक काय म्हनत्यात ठावं हाय? डोस्क्याचा आजार म्हंजी याड. हात हालतोय म्हनून कोन सांगत बसंल त्यास्नी?"

"म्हणून टॅक्सचं नाव?"

"टॅक्स चुकवतोय म्हनलं की कुनी काय इचारत न्हाई. हुशार म्हनत्यात." ते खिडकीबाहेर बघू लागले. "मेंढरू कवा कवा गोल गोल फिराय लागतंय. त्येच्या मेंदूत काय तरी हुतंय. आमी त्ये कापून खातो. मानसाला तसं करता येत न्हाई, म्हनून देनगी."

पुतण्या चहा घेऊन आला. आबांनी कप डाव्या हातात धरला.

"भायेर बोलू नगासा," एवढंच म्हणाले.

मी बोललो नाही. मी त्याहून वाईट केलं. मी सारवासारव केली.

आबांचा बाजारातला एक स्पर्धक होता, मिरजेकडचा, दाट मिशांचा. आबांची जीप साताऱ्याला सारखी जाते हा वास त्याला लागला होता. तो एके दिवशी माझ्या कचेरीत येऊन खुर्चीत रुतला.

"वकील, त्या म्हाताऱ्यानं डोस्क्याच्या दवाखान्याला पैसं कशापायी दिलं?"

"टॅक्स," मी म्हणालो. "फक्त टॅक्स. शुद्ध टॅक्स."

"त्यात काय गावतंय?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण आबांना वाचवायच्या भरात मी त्या वजावटीचं असं वर्णन केलं की ऐकून मलाच देणगी द्यावीशी वाटली. शंभराला सव्वाशे, सरकारी मान्यता, बिनधोक. मिशा हळूहळू वर झाल्या.

"म्हंजी सरकार पंचवीस वर देतंय?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

'तसंच काहीसं.' आठवड्याच्या आत बाजारभर झालं की आबा शंभर टाकतो आणि सरकार त्याला सव्वाशे देतं. चार-पाच व्यापारी तीच योजना मागायला माझ्याकडं आले. मी त्यांना खरा हिशेब सांगितला, साठेक रुपये खिशातून जातात म्हणालो, तेव्हा ते एकमेकांकडं बघून हसले. "वकील म्हाताऱ्याचा हाय रं," जिन्यात एकजण म्हणालेला मी ऐकलं. "आपल्याला दडवतोय." आणि मेंढपाळांनी तर सरळ आबांसाठी भाव वाढवला. ज्याला सरकार बसून पैसे देतंय, त्याला स्वस्तात का द्यायचं?

आबांचा निरोप आला, 'तुमीच उटवलंय, तुमीच बगाया या.'

जतकडचा तो आठवडी बाजार म्हणजे उघडं माळरान, टँकरनं भरलेली एक पाण्याची टाकी, आणि धुरळ्यात मेंढरंच मेंढरं. त्या दिवशी आबांना एक मोठा कळप घ्यायचा होता. विकणारा म्हातारा मेंढपाळ खांद्यावर घोंगडं टाकून उभा, आणि त्याची बायको कळपाच्या तोंडाशी काठी आडवी धरून. सीमेकडची माणसं, अर्धं कानडी बोलणारी. स्पर्धक मिशांना हात लावत शेजारीच. मी एका बकऱ्याच्या मागं लपल्यासारखा.

आबांनी टॉवेल टाकला. दोघांचे हात आत गेले. बायकांना या सौद्यात जागा नसते. म्हातारी लांबूनच मान उंचावून नवऱ्याला विचारत होती, "एष्टु? एष्टु?" म्हणजे किती, किती.

"सुम्निरु!" म्हातारा तिला गप्प करत होता.

टॉवेल हलला. मग जास्तच हलला. म्हाताऱ्याच्या तोंडावर आधी गोंधळ दिसला, मग हसू पसरलं. "झाला सौदा!" तो ओरडला.

आबा पांढरे पडले. एरवी ते गप्प बसून पैसे मोजून देत. पण हा कळप मोठा होता. दुप्पट भावानं घेतला असता, तर ट्रक विकून पैसे द्यावे लागले असते.

"न्हाई," आबा म्हणाले. "तेवढं न्हाई."

"दाबलंसा की!"

"येकदाच दाबलं."

"दोनदा दाबलंसा. माजा हात काय मेलाय व्हय?"

भोवती गर्दी गोळा झाली. दिलेली बोटं मागं घेणं याच्याइतकं वाईट त्या माळावर दुसरं काही नव्हतं. मिशीवाला पुढं आला. "काय आबा? सरकारचं पैसं आलं आन् बोटं फिरवाय लागलासा?"

लोक हसले. मला वाटलं, पुढं होऊन काहीतरी सांगावं. पण मी सांगितलेल्यातून काय काय झालं होतं हे आठवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर गप्प बसलो.

आबांनी टॉवेल ओढून काढला आणि खांद्यावर टाकला. उजवा हात सगळ्यांसमोर धरला. लपवायला तंबाखू नाही, काही नाही. अंगठा बोटावर फिरत होता, मनगट उडत होतं. आबा स्वतःच त्याच्याकडं दुसऱ्याचा हात बघावा तसं बघत होते.

"ह्यो बगा. ह्यो आता माजं ऐकत न्हाई. मेंदूचा आजार हाय. म्या येकदा दाबलं. दुसऱ्यांदा ह्येनं दाबलं."

जवळच्या दोघातिघांनी एक पाऊल मागं घेतलं, जणू ते दुखणं उडून अंगावर येईल.

"म्हंजी वरीसभर जे सौदं झालं..." मिशीवाला म्हणाला.

"त्येचं पैसं पोचलं का न्हाई? कुनाचं ऱ्हायल्यात, सांगा." आबांनी गर्दीवर नजर फिरवली. कुणाचेच राहिले नव्हते.

तरीही म्हातारा मेंढपाळ साशंकच होता. तो आबांचा हात निरखून बघत होता. "ह्यो डाव तर न्हवं?"

तेवढ्यात त्याची बायको काठी आपटत पुढं आली. "आवं, हात हालतोय तर तोंडानं सांगा की! तोंड हालतंय व्हय?"

कुणीतरी खुदकन हसलं. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि खुल्या माळावर, सगळ्यांच्या देखत, एका मेंढराचा भाव मोठ्यानं सांगितला, वर 'मागल्या बाजाराचाच' असंही म्हणाले. माझ्या माहितीप्रमाणं त्या बाजारात ही पहिलीच वेळ.

म्हातारीचा चेहरा बदलला. पण ती आबांकडं वळलीच नाही. ती नवऱ्याकडं वळली.

"काय म्हनलं? मागल्या बाजाराला बी ह्योच भाव हुता?"

म्हातारा घोंगडं सावरायला लागला.

"मला तर पार कमी सांगितलास! वरचं कुटं घातलास?"

आता मात्र सगळा माळ हसला. आजूबाजूचे मेंढपाळ मात्र हसता हसता थांबले आणि आपापल्या कळपाशी निघून गेले, कारण त्यांच्याही बायका तिथंच कुठंतरी काठ्या घेऊन उभ्या होत्या. म्हातारीनं नवऱ्याला बाजूला सारलं आणि आबांशी स्वतः भाव करायला घेतला. एवढी वर्षं नुसतं 'एष्टु' विचारत उभी राहिलेली बाई ती. तिनं एकेका मेंढराची लोकर उपसून दाखवली, दात दाखवले, आबांचे ट्रक मोजून दाखवले. आबा प्रत्येक आकडा तोंडानं बोलत होते, आणि बोलला आकडा चारी बाजूंचे विकणारे ऐकत होते. कळप आबांना मिळाला, पण त्या वर्षातल्या सगळ्यात महाग भावानं. आणि पुढच्या प्रत्येकानं तोच भाव मागितला. मिशीवाल्याकडंसुद्धा. तो टॉवेल टाकायला गेला की समोरचा म्हणायचा, तोंडानं बोला.

मेंढरं ट्रकमध्ये चढली. आबा जीपमध्ये पुढं बसले, मी मागं. हात मांडीवर उघडाच होता.

"लई महाग पडलं," ते म्हणाले.

मी धंद्याचं बोललो. "आबा, पुढच्या वर्षी देणगी द्यायचीय का? विचारून ठेवतो."

"द्यायची. जास्त द्यायची. पन ती सव्वाशेची वजावट नगं आता."

मी सीटवरून पुढं सरकलो. "नको? का?"

"लोकास्नी सांगायला कारन लागत हुतं म्हनून घेतली. आता समद्यास्नी कळलंय. हात असा, आन् वर टॅक्स बी वाचवतोय म्हनलं, तर दिसंल कसं?"

"आबा, तसं चालत नाही," मी कळवळून म्हणालो. "हक्काची वजावट सोडणारा माणूस साहेबांनी कधी बघितलेला नाही. ते म्हणतील, ह्यानं का सोडली? काहीतरी काळंबेरं आहे. उलट चौकशी लागेल."

आबांनी मान वळवली. मी खोटं तर बोलत नाही ना, हे ते बराच वेळ माझ्या तोंडावर तपासत राहिले. साताऱ्याची आठवण असलेला माणूस दुसरं काय करणार?

"बरं," ते शेवटी म्हणाले. "घ्या वजावट. पन कुनाला सांगू नगासा."